सेक्शन ब्रेक महोदयांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. सेक्शन ब्रेक,
मु. मायक्रोसॉफ्ट वर्ड, लेआउट टॅब, ‘ब्रेक्स’च्या यादीत तळाशी.

विषय : आपल्या अदृश्य कारभाराबाबत.

महोदय,

पत्र लिहिणारी मंडळी म्हणजे प्रबंध टाइप करून देणारे, कार्यालयांतले लिपिक आणि मार्गदर्शकांनी पुन्हा पुन्हा परत पाठवलेले संशोधक विद्यार्थी. आपण दस्तऐवजाचे विभाग पाडता; प्रत्येक विभागाचे समास, स्तंभ, हेडर-फूटर, पानाची दिशा, पृष्ठक्रमांक रोमन की साधे, ही सगळी खाती आपल्याकडे आहेत आणि त्याबद्दल मंडळींची तक्रार नाही. पण एवढी खाती सांभाळणाऱ्याने कुणाच्या नजरेस पडू नये, हा दंडक कुणी घातला?

उदाहरणार्थ, प्रबंधाचं तिसरं प्रकरण. मधला बारा रकान्यांचा तक्ता उभ्या पानात मावेना, म्हणून तेवढं पान आडवं केलं. त्यासाठी तक्त्याच्या आधी आणि नंतर आपली स्थापना झाली. पुढे कधीतरी तक्त्यावरची एक रिकामी ओळ कुणाला खटकली आणि त्याने डिलीट दाबलं. ओळ रिकामी नव्हती, तिथे आपण बसला होतात. तक्त्याआधीचं अख्खं प्रकरण आडवं झालं! कारण विभागाची मांडणी आपण त्याच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवता. तो पुसला, की वरचा मजकूर निमूटपणे खालच्या विभागाचे नियम पाळू लागतो. माणूस नियम सुरुवातीला शोधतो. आपण ते शेवटी ठेवता.

आपले बंधू ‘ऑड पेज’ यांची वेगळीच तऱ्हा. नवा विभाग विषम पानावरच सुरू करायच्या हट्टापायी ते सातव्या पानानंतर थेट नववं दाखवतात. आठवं पडद्यावर नसतंच. छापताना मात्र कोरं बाहेर पडतं आणि झेरॉक्सवाला त्याचेही पैसे लावतो.

आता मजकुरात बदल करायला मनाई करणारे आपले जोडीदार ‘रिस्ट्रिक्ट एडिटिंग’ यांच्याविषयी. फॉर्मपुरता बंदोबस्त हवा असेल, तर ‘सिलेक्ट सेक्शन्स’मध्ये जाऊन हवे तेवढेच विभाग कुलूपबंद करता येतात, बाकीचे मोकळे ठेवता येतात. ही सोय खरोखर चांगली. पण साहेब लोक घाईत सगळ्याच विभागांना कुलूप ठोकतात. मग अर्जदाराला पत्त्याची चौकट भरता येते, पण शेजारी छापलेलं ‘पिनकोड’ चुकलं असेल तर दुरुस्त करता येत नाही. स्पेलिंग तपासायचं बटणही करडं पडतं.

आणि हे कुलूप अडवतं कुणाला? कोऱ्या फाइलमध्ये ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ने तोच मजकूर ओढून घेतला, की तो सुटा होतो. वर्ड २००७पासूनची डॉकएक्स फाइल ही मुळात झिपची थैली. संरक्षणाची नोंद तिच्यातल्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, एका ओळीत असते. ती ओळ काढली, की पासवर्ड विचारायला कुणी उरत नाही. हा बंदोबस्त सुरक्षेसाठी नाही, असं मायक्रोसॉफ्टही सांगतं; खरी गुप्तता हवी तर पासवर्ड लावून फाइल एन्क्रिप्ट करावी लागते. थोडक्यात, जोडीदारांचा पहारा सरळमार्गी माणसावर आहे.

तरी विनंती, की आपण निदान पुसले जाण्यापूर्वी एकदा खाकरावं. तोवर मंडळींनी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबून, ठिपक्यांच्या दुहेरी रेषेत आपलं नाव वाचूनच डिलीटला हात लावायचं ठरवलं आहे.

कळावे,
आपले त्रस्त वापरकर्ते

ता. क. : सहीची जागा कुलूपबंद विभागात असल्याने सही करता आलेली नाही.