धुतलेलं इंजिन नको गं बाई!

कुणाला सांगू नका, पण धाराशिवच्या चांगल्या चांगल्या घरांतली पोरं हल्ली रेल्वे स्टेशनवर दिसायला लागलीत. गाडी पकडायला म्हणाल तर नाही, कुणाला सोडायला म्हणाल तर तेही नाही. एखादी पोरगी-बिरगी असती तर आम्ही समजून घेतलं असतं. चार दिवस चघळलं असतं आणि पाचव्या दिवशी पत्रिका बघितली असती. पण ही पोरं जातात मालगाडीचं इंजिन बघायला! त्यातही ते जितकं मळकं, तितकं यांच्या काळजाजवळचं.

आमच्या गल्लीतल्या एका वकीलसाहेबांच्या घरचीच गोष्ट घ्या. लेक मोबाइलकडे बघून एकटाच हसतोय, हे आईनं हेरलं. तिला वाटलं, आलं प्रकरण. "दाखव की फोटो," म्हणाली. त्यानं लाजत लाजत दाखवला. फोटोत इंजिन! मूळ रंग कोणता होता ते रेल्वेलाच ठाऊक. धुराड्यापासून खाली काजळीचे ओघळ, त्यावर तेल, तेलावर धूळ. समोरच्या काचेवर वायपर फिरतो तेवढाच अर्धा चंद्र स्वच्छ, बाकी अंधार. वर हा म्हणतो कसा, "आई, काय देखणंय गं!" ती माउली स्टीलचा डबा दोनदा घासल्याशिवाय फडताळात ठेवत नाही. तिच्या पोटी हे रत्न!

आणि यांची भाषा ऐकाल तर तोंडात बोट घालाल. येडशीकडून मालगाडी येतेय म्हणून तासभर उन्हात ताटकळायचं आणि इंजिन चकचकीत निघालं की कपाळाला हात: "छ्या! धुऊन आलंय." इंजिनाच्या बाजूवर ते ज्या शेडमध्ये सांभाळलं जातं तिचं नाव असतं, पाच आकडी नंबर असतो. तो वहीत उतरवायचा. नंबर काजळीनं झाकलेला असला तर आनंद दुप्पट. कुठलं इंजिन पुण्याचं, कुठलं गुत्तीचं, हे यांना तोंडपाठ. सख्ख्या आत्याचं सासर कुठलं, ते मात्र विचारावं लागतं.

मी एकाला गाठून झाडाझडतीच घेतली. म्हटलं, त्या घाणीत बघायचं काय? तर त्यानं मलाच शिकवायला घेतलं. काळी दिसते ती डिझेलची काजळी. तांबूस दिसतं ते चाकं, रूळ आणि ब्रेकचे गुटके झिजून उडालेली लोखंडाची भुकटी, ती गंजते. छपरावरची काळी पूड विजेच्या इंजिनाची, कारण तारेला घासणारी वरची पट्टी कार्बनची असते. आता यावर काय बोलणार? आमच्या वेळी पोरं हस्तरेषा बघायची, ही काजळी बघतात.

यांचं पहिलं प्रेम म्हणजे 'अल्को'. अमेरिकी कंपनीचं हे डिझेल इंजिन १९६२ मध्ये भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागलं. त्याच घराण्यातलं मालगाडीचं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीजी-३ए. आपली लाइन एकेरी, त्यामुळे मालगाडीला बाजूच्या रुळावर घालून प्रवासी गाडी पुढे काढतात. मग सिग्नल मिळतो, लोको पायलट नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराची पायरी, वाढवतो आणि पोरांचे श्वास अडकतात. आत डिझेल जास्त जातं, पण हवा कोंबणारा टर्बो लगेच वेग घेत नाही. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं आणि काळाकुट्ट लोट आभाळात जातो. शेजारच्या गच्चीवर कुणाच्या कुरडया वाळत असतील, याची यांना फिकीर नाही. यांचा व्हिडिओ चालू!

आता डोक्यावर तार आलीय, विजेची इंजिनं आलीत, अल्कोच्या जातीची नवी इंजिनं बनायची थांबलीत. झालं, घरात सुतक! "आता धूर नाही राहिला, काकू," असं एक पोरगं मला इतक्या जड आवाजात म्हणालं की मी चहा टाकला.

पण खरं सांगू? नाकं मुरडणाऱ्या आमच्या पिढीनं तरी काय उजेड पाडला होता! बार्शी लाइटची ती अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. येडशीवरून जायची, पण धाराशिवला शिवायची नाही. कोळशाच्या इंजिनाची ती गाडी. प्रवासाला पांढरं धोतर नेसून निघालेला माणूस उतरताना करड्या धोतरात उतरायचा. डोळ्यात कोळशाचा कण गेला नाही असा प्रवासी नसेल. तेव्हा काजळी फुकट अंगावर येत होती, कुणी तिचा फोटो काढला नाही. शहराला स्वतःचं स्टेशन मिळालं ते रूळ रुंद करताना मार्ग वळवला म्हणून. २००७ मध्ये लातूरकडून, २००८ मध्ये कुर्डुवाडीकडून. इतकी वर्षं वाट बघून आलेल्या गाडीचं कौतुक पोरांनी नाही करायचं तर कुणी?

आणि मालगाडीचे फोटो काढायचं वेड पोरांनीच लावलं, असंही नाही. एप्रिल २०१६ आठवतोय? पाणीटंचाईत मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी निघाली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. ती आपल्याच जिल्ह्यातून गेली. लातूरला पोचली तेव्हा फोटोसाठी उडालेली झुंबड टीव्हीवर सगळ्यांनी बघितली. फरक एवढाच, त्या वाघिणी आतून वाफेनं धुऊन आणल्या होत्या. म्हणजे थोरांना धुतलेली मालगाडी चालते, पोरांना मळलेली. आवडीचा प्रश्न आहे.

बरं, हे खूळ आपलंच आहे असंही समजू नका. इंग्लंडात इयान ॲलन नावाच्या रेल्वेतल्या कारकुनानं १९४२ मध्ये इंजिनांच्या नंबरांची पुस्तिका काढली आणि तिथली पोरं वह्या घेऊन फलाटावर लोटली. तिथल्या आयाही हेच म्हणाल्या असतील. आणि काळ्या रंगाचं कौतुक आपल्याला नवं आहे का? धाराशिवचं जुनं नाव लावणारी उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच असते, तिच्या ऐटीवर जिल्हा मिरवतोच की!

तेव्हा माझं मत विचाराल तर वेड निरुपद्रवी आहे, स्वस्त आहे आणि संध्याकाळी पोरगं कुठं आहे हे आईला ठाऊक असतं. फक्त एका बाबतीत मी कान उपटणार. "जरा जवळून घेतो" म्हणत रुळात उतरायचं नाही. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उभ्या वाघिणीवर तर मुळीच चढू नका. वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, हात लागायचीही गरज पडत नाही, नुसतं जवळ गेलं तरी माणूस जळतो. फोटो फलाटावरून काढा, नाहीतर फाटकाच्या अलीकडून. आणि पोरांनो, काजळी एवढी आवडते ना, मग घरी आल्यावर शर्ट आईच्या बादलीत टाकू नका, स्वतः धुवा.