आधी हवा मोजा, मग मीटर

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेचा सण. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या दिवसापासून 24 डिसेंबरपर्यंत कॉन्सेप्ट टू ही रोइंग मशीन बनवणारी अमेरिकन कंपनी दरवर्षी जगभरच्या लोकांना ऑनलाइन आव्हान देते: एक लाख मीटर वल्हवा, दम असेल तर दोन लाख. फोनवरचं ॲप ब्लूटूथने मशीनला जोडायचं, मीटर आपोआप खात्यात जमा. थंडीत घरात कोंडलेल्या अमेरिकनाला हा कार्यक्रम उत्तम. गुरुग्रामच्या माणसाला?

त्याच्याकडे तेव्हा धुरामुळे मुलांची शाळा अनेकदा ऑनलाइन भरते.

2024 सालचंच घ्या. 16 डिसेंबरला दिल्ली परिसरात ग्रॅपचा, म्हणजे हवाप्रदूषण रोखण्याच्या सरकारी टप्पेवार आराखड्याचा, चौथा टप्पा पुन्हा लागू झाला. बांधकामं थांबली, ट्रक वेशीवर अडले, शाळांना ऑनलाइन वर्गांचा पर्याय द्यावा लागला. ऑनलाइन आव्हान मात्र तेव्हा ऐन रंगात होतं. सरकार म्हणतं श्वास जपा, ॲप म्हणतं मीटर वाढवा. नोएडातला आपला मराठी इंजिनिअर कुणाचं ऐकतो? ज्याची सूचना फोनवर वाजते त्याचं.

ही ॲप्स वजन विचारतात, वय विचारतात, हृदयाचे ठोके टिपतात. हवेचा रकाना मला एकाही रोइंग ॲपमध्ये दिसलेला नाही.

हिशोब सोपा आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. मशीनवर जीव तोडून वल्हवणारा तंदुरुस्त माणूस शंभर लिटरच्या घरात जातो. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची चोवीस तासांची मर्यादा भारताने घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, जागतिक आरोग्य संघटनेने 15. दिल्लीच्या हिवाळ्यात आकडा दोन्ही ओलांडून कुठल्या कुठे जातो. तिथे घाम गाळणं म्हणजे धूर दसपटीहून जास्त वेगाने ओढणं.

‘पण आमची जिम बंद खोलीत आहे, एसी आहे.’ हे उत्तर सोसायटीत हमखास मिळतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. त्याची जाळी धुळीचे मोठे कण अडवते, पीएम 2.5 नाही. दाराखालच्या फटीतून आलेला धूर आत थंडगार होऊन मिळतो, इतकंच.

आणि हे मशीनही हवेवरच चालतं. 1981 साली पहिलं मॉडेल आलं तेव्हा त्यात सायकलचं चाक होतं. आज पंख्याचं चाक आहे, पण तत्त्व तेच: तुम्ही ओढता, चाक फिरतं, हवा त्याला अडवते. बाजूची एक ते दहा आकड्यांची पट्टी फक्त चाकापर्यंत किती हवा पोचेल ते ठरवते. तरुण येतो, पट्टी थेट दहावर नेतो आणि छाती काढून बसतो. जाणकार प्रशिक्षक बहुतेकांना तीन ते पाचवर ठेवायला सांगतात. दहावर ताकद वाढत नाही, कंबर जाते.

त्यात दिल्लीची धूळ. ती जाळीत साचते, हवेची वाट अडते, मशीन हलकं पडतं. जुन्या, मळलेल्या मशीनवरचा ‘दहा’ नव्या मशीनवरच्या ‘पाच’इतका भरू शकतो. खरी मोजणी ‘ड्रॅग फॅक्टर’ची, म्हणजे हवा चाकाला किती अडवते त्याची. मशीनच्याच मॉनिटरवर तो दिसतो, त्याला ॲपची वर्गणी लागत नाही. तो खाली घसरला की समजायचं: जाळी उघडून व्हॅक्यूम फिरवायची वेळ झाली. क्लबहाउसच्या किती मशीनांची जाळी वर्षातून एकदा तरी उघडते? विचारून बघा.

ऑनलाइन सॉफ्टवेअर वाईट नाही, हेही ठासून सांगतो.

चाकाचा वेग प्रत्येक ओढीनंतर किती मंदावतो हे मॉनिटर मोजतो आणि त्यावरून स्वतःलाच जुळवून घेतो. म्हणून फरिदाबादचे 2000 मीटर आणि बर्लिनचे 2000 मीटर एका रांगेत मांडता येतात. फेब्रुवारी 2021 मध्ये, कोविडच्या काळात, इनडोअर रोइंगची जागतिक स्पर्धा याच जोरावर घरोघरच्या मशीनवर झाली. त्याच वर्षी ऑलिंपिक समितीच्या आभासी स्पर्धामालिकेतही रोइंग होतं. बाविसाव्या मजल्यावर पहाटे एकट्याने वल्हवणाऱ्याला दुसऱ्या शहरातला जोडीदार मिळतो, आठवड्याचा आराखडा मिळतो. ही मोठी सोय आहे. मी तिच्या बाजूने आहे.

पण आकडा वाचायला शिकवायचं कुणी?

500 मीटरला दोन मिनिटं म्हणजे सुमारे 203 वॅट. एक मिनिट पंचेचाळीस सेकंद म्हणजे सुमारे 302. वेग वाढला चौदा टक्के, ताकद लागली दीडपट. पंधरा सेकंदांचं अंतर पडद्यावर किरकोळ दिसतं. मग चाळिशीचा गृहस्थ लीडरबोर्डवरच्या विशीच्या पोराला गाठायला धावतो आणि आठवडाभर पाठ शेकत बसतो.

कॅलरीचा आकडा तर आणखी फसवा. कॉन्सेप्ट टूचा मॉनिटर गणित करतो ते सुमारे 79 किलोचा माणूस धरून. कंपनी हे लपवत नाही, वजनानुसार दुरुस्तीची सोयही देते. पण 52 किलोची गृहिणी दुरुस्ती न करता तो आकडा पाहते आणि त्या हिशोबाने संध्याकाळचा समोसा मंजूर करते.

सगळ्यात मोठी उणीव वेगळीच. ॲपला तुमची पाठ दिसत नाही.

ओढताना आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परतताना उलट: हात, पाठ, पाय. कामाचा मोठा वाटा पायांचा. नवखा माणूस सुरुवातच हाताने करतो, कण्याची कमान होते, गुडघे आणि हात एकमेकांच्या वाटेत येतात. ॲप मीटर मोजत राहतं, शाबासकी देत राहतं. चुकीच्या दहा हजार मीटरची शाबासकी फिजिओथेरपिस्टकडे वटते. लांब, संथ सरावाला मिनिटाला अठरा ते वीस ओढी पुरतात, पण स्पर्धेच्या पडद्यावर वीसवर थांबतो कोण?

आता पाण्याचं बोलू. किनोमॅपसारख्या ॲपवर खऱ्याखुऱ्या नद्यांचे व्हिडिओ चालतात, ईएक्सआरमध्ये आभासी नावाडी आभासी पाण्यावर सरकतो. बाहेर वजिराबाद ते ओखला ही 22 किलोमीटरची यमुना आहे. नदीच्या लांबीच्या दोन टक्केही नाही, पण तिच्या प्रदूषणाचा बहुतांश भार याच पट्ट्यातला. पडद्यावर दूरदेशीची नदी का हवी असते, ते यमुनेच्या पुलावर खिडकीची काच खाली करून पाहा.

1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत रोइंग पहिल्यांदा आलं. पण शर्यती झाल्या दिल्लीत नव्हे, जयपूरजवळच्या रामगढ तलावात. पुढे तो तलावही आटला.

याच राजधानी परिसरातला, करनाल जिल्ह्यातला बलराज पंवार 2024 ला पॅरिस ऑलिंपिकच्या सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या नौकेच्या शर्यतीत, उतरला आणि तेविसावा आला. तो घडला कुठे? पुण्यात, लष्कराच्या रोइंग केंद्रात. त्याच्या आधी आपला दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव, विहिरी खणण्यात हातभार लावलेला मुलगा. 2012 ला लष्करात गेला, तिथे वल्हं हाती आलं, 2016 ला रिओत तेरावा आला, 2018 ला आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण जिंकला. मशीन या दोघांच्याही सरावात होतंच. पण बाजूला उभं राहून ‘पाठ सरळ, घाई नको’ म्हणणारा माणूसही होता.

तो माणूस वर्गणीत येत नाही. तो वेगळा शोधावा लागतो.

म्हणून वर्षभराची वर्गणी भरण्याआधी जाणत्या प्रशिक्षकाला दोन-तीन तास बोलावा, आपली ओढ त्याला दाखवा, फोनवर चित्रित करून स्वतः पाहा. ॲप बनवणाऱ्या आपल्या मुलांना सांगा, भारतात विकायचं तर हवेचा रकाना टाका आणि खराब हवेच्या दिवशी सुट्टी घेणाऱ्याची सलग दिवसांची साखळी तोडू नका. हे तंत्रज्ञानाला जड नाही, हवेचे आकडे सरकार दर तासाला जाहीर करतं.

आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत, पार्किंगचं भांडण मिटलं की, उभे राहून एक ठराव मांडा: क्लबहाउसच्या जिममध्ये खोलीच्या आकाराला पुरेल असा हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर आणि भिंतीवर पीएम 2.5 चा मीटर. दोन्हींचा मिळून खर्च बहुधा एका रोइंग मशीनपेक्षा कमी येईल. दिवाळीच्या आत मांडा.