पाटीबाईंना खुले पत्र

माननीय ‘आवारात बॉल खेळण्यास सक्त मनाई, हुकुमावरून’ पाटीबाई,



आधी तोंड गोड करा. आमच्या लेकीचा नंबर वाढला! दुसरीत उणे एक होता, चौथीत उणे अडीच. एवढी झेप तिनं गणितातही घेतलेली नाही.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा गोळा लांबतोय. साध्या चष्म्यानं फळा दिसेल, लांबणं थांबणार नाही. आम्ही मोबाइलच्या नावानं बोटं मोडली. तुमचं नाव कुणी घेतलंच नाही. श्रेय ज्याचं त्याला मिळावं, म्हणून हे पत्र.

घरात ट्यूबलाइटखाली उजेड जेमतेम काहीशे लक्स. बाहेर सावलीतही काही हजार, भर उन्हात लाखाच्या घरात. त्या उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन पाझरतं आणि गोळ्याच्या लांबण्याला लगाम बसतो, असा संशोधकांचा कयास आहे. तुम्ही एका खांबावर उभं राहून सगळी पोरं त्या उजेडातून घरात पिटाळलीत. हातात काठी नाही की तोंडात शिट्टी नाही. वॉचमनला हे कधी जमलं नव्हतं.

बाहेरच्या वेळेचा परिणाम तपासायला संशोधकांनी चीनमधल्या ग्वांगझूत १२ शाळा निवडल्या. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांत तिथं ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे हाच उणे नंबर, जडली. उरलेल्या शाळांत ३९.५ टक्के. तैवाननं तर २०१० पासून रोज १२० मिनिटं मुलं बाहेर काढायचा धडाका लावला. तिकडे तुमचं माहेर नसावं.

हा फुकटचा उपाय चष्मा लागण्याआधी जास्त लागू पडतो. नेमकी ती वेळ तुम्ही साधलीत. आता रोज रात्री ॲट्रोपिनचा सौम्य थेंब, वर खास भिंगांचा महागडा चष्मा. नंबर फार चढला, तर पुढे पडदा सुटण्याची धास्ती. उन्हाला मात्र बिल नसतं.

आता खासगीतलं. तुम्हाला स्क्रू मारले सोसायटीनं, पण ठराव मांडला कुणी? ज्याच्या गाडीची काच एका टेनिस बॉलनं फुटली, त्यानं. ती काच एकदाच बदलावी लागली. लेकीच्या काचा दर सहा महिन्यांनी बदलतोय.

येत्या सभेला स्क्रूड्रायव्हर घेऊन येतो. राग नसावा.

आपला,
ठरावाचा सूचक