विश्वासार्हतेचा नवा निकष

यंत्रमानवावर माणूस किती विसंबतो, हे 2016 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी तपासले. त्यांचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. बैठकीच्या खोलीकडे नेताना यंत्रमानव काहींना आधी भलत्याच खोलीत घेऊन गेला आणि तिथे दोन गिरक्या मारून आला. मग बोळात खोटा धूर सोडला, भोंगा वाजला. मंडळी ज्या दाराने आत आली होती, त्यावर बाहेर पडण्याची पाटी होती. पण यंत्रमानवाचा पांढरा हात उलट दिशेला वळला आणि 26 च्या 26 जण निमूट त्याच्या मागे.

पुढच्या फेरीत काहींना यंत्र बिघडलेय असेही सांगून पाहिले. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी सामानाने अडलेल्या अंधाऱ्या खोलीकडे हात केला, तरी काही जण निघालेच.

तेव्हा यंत्रे सुधारण्याचा खर्च तातडीने थांबवावा. कारखान्यातून निघताना प्रत्येक यंत्रमानवाला दोन चुकीची वळणे सक्तीची करावीत, अनुभवी दिसतो.

बारीकसा तपशील राहिला. यंत्रमानव स्वतः काहीच ठरवत नव्हता. आडोशाला बसून दुसराच कुणी त्याला चालवत होता. अंगावर तेवढे ‘आपत्कालीन मार्गदर्शक’ लिहिले होते.

उमेदवारी अर्जाची मुदत अजून उलटलेली नसावी.