त्यात काय आहे?

पुण्याच्या बोहरी आळीत जो माणूस नळाचा एक वायसर आणायला जातो आणि ड्रिल मशीन घेऊन परत येतो, तो अण्णा. असा एक जण प्रत्येक सोसायटीत असतोच. आमचे अण्णा बँकेतून निवृत्त झाले आणि घराच्या दुरुस्तीला लागले. तोवर घर बरं चाललं होतं.

'त्यात काय आहे?' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कानावर आलं की शेजारच्या घरातही माणसं सावध होतात. एकदा हॉलमधला पंखा हळू फिरायला लागला. कपॅसिटर गेलाय, असं अण्णा म्हणाले, आणि खरोखर कपॅसिटरच गेला होता. त्यांचं निदान सहसा चुकत नाही. घात होतो तो त्यामुळेच. तपकीर गल्लीतून अडीच मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर आणून त्यांनी स्टुलावर चढून जोडला. पंखा झकास फिरला, फक्त उलटा. खाली सगळे घामाघूम आणि वारा छताला. कपॅसिटर भलत्या वायंडिंगला जोडला की मोटर उलटी फिरते, हे अण्णा त्या दिवशी शिकले आणि पुढे लिफ्टमध्ये भेटेल त्याला शिकवत राहिले. थंडीच्या देशांत हिवाळ्यात पंखे मुद्दाम असेच फिरवतात, ही माहितीही त्यांनी दिली. मे महिन्यात.

मग बाल्कनीत कुंड्यांसाठी फळी. दोन्ही टोकं फरशीपासून टेपने मोजलेली, मिलिमीटरचा फरक नाही. तरी कुंड्या एका बाजूला सरकू लागल्या. पाणी वाहून जावं म्हणून बाल्कनीच्या फरशीलाच उतार दिलेला असतो, म्हणूनच गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघतो. अण्णांनी तशी नळी आणली, फळी हॉलमध्ये हलवली, रेघ अगदी सरळ मारली आणि स्विचबोर्डच्या बरोब्बर वर भोक पाडलं. बोर्डात येणाऱ्या वायरी बहुधा वरूनच सरळ खाली उतरतात. घर अंधारात. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी घरात आहे, ही अण्णांची पुण्याई.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की अण्णा तीच चूक दुसऱ्यांदा करत नाहीत. पण दोन बेडरूमच्या घरात चुकांना जागा फार असते. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायचा, नाहीतर नळ बसवताना तो उलगडत येतो, हे आता ते झोपेतही सांगतील. हे ज्ञान झालं तेव्हा काकू सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या चपला पॅसेजकडे तरंगत निघाल्या होत्या.

शिक्षण काकूंचंही झालंय. बोहरी आळीची पिशवी घरात शिरली की त्या काही बोलत नाहीत. दोन बादल्या भरून ठेवतात, मोबाइल चार्जिंगला लावतात आणि प्लंबर संध्याकाळी कुठे असेल याची चौकशी करून ठेवतात. प्लंबरला अण्णांबद्दल आदर आहे. 'नुसता टपकणारा नळ असता तर वायसरचे पैसे मिळाले असते, अण्णांनी आवळला की पूर्ण नळाचे मिळतात,' असं त्यानेच मला जिन्यात सांगितलं.

सध्या अण्णांचा डोळा गिझरवर आहे. रविवारी भिंतीपलीकडून 'त्यात काय आहे?' ऐकू आलं, पाठोपाठ बादली भरल्याचा आवाज, मग काकूंचा प्लंबरला फोन. स्पीकरवरच होता.

"काय म्हणतायत अण्णा?"

"बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर साचलेत म्हणतायत."

"मग बरोबर असेल काकू."

"अहो, म्हणूनच सांगते, आत्ताच निघा."