जिभाऊंचा इंटरकूलर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की धुळ्यात, देवपूरच्या गच्च्यांवर बिबडे आणि कुरडया वाळत पडतात आणि खाली रस्त्यावर जिभाऊ बॉनेटमध्ये पडतात. कमरेपासून वरचे जिभाऊ गाडीच्या आत असतात. बाहेर उरतो तो पांढरा पायजमा आणि एक हात. तो हात मधूनमधून मागे येतो आणि पाना मागतो. पाना कोणी द्यायचा हे ठरलेलं नसतं. जो रस्त्यानं जात असेल त्यानं द्यायचा.

हे जिभाऊ एकटे देवपूरचेच आहेत असं नाही. पारोळ्याला आहेत, एरंडोलला आहेत, जळगावात पिंप्राळ्याकडे तर गल्लीआड एक आहेत. वय साठीच्या पुढे, शेती वाट्यानं दिलेली, गुडघे बोलायला लागलेले आणि दारात जुनी स्कॉर्पिओ. ही गाडी 2002 साली बाजारात आली आणि नाशिकला तयार झाली, म्हणून जिभाऊ तिला घरचीच समजतात. पंधरा वर्षं भरली आणि आरसीची मुदत संपली, तेव्हा पोरं म्हणाली, आता काढून टाका. जिभाऊंनी मुकाट्यानं हरित कर भरला, आरटीओत गाडी दाखवली, पाच वर्षांची मुदत वाढवून आणली आणि येताना पोरांसाठी पेढे आणले. पोरांनी ते खाल्ले. दुसरं काय करणार?

गाडीला काहीही होवो, जिभाऊंचं निदान एकच. पिकअप कमी झाला, इंटरकूलर. अ‍ॅव्हरेज पडला, इंटरकूलर. एकदा मागचा दरवाजा लागेना, तेव्हाही त्यांनी आधी बॉनेट उघडलं, असं त्यांचा पुतण्या सांगतो. पुतण्या वाढवून सांगतो, पण फार नाही.

साफसफाईला सुरुवात होते ती व्याख्यानानं. चार माणसं जमल्याशिवाय जिभाऊ क्लिप ढिली करत नाहीत.

"इंजिनचं खानं काय शे?"

"डिझेल," कोणीतरी फसतं.

"तुमले काय समजस! हवा!"

मग गाडी सुरू होते, म्हणजे जिभाऊ सुरू होतात. टर्बो हवा दाबतो. हवा दाबली की तापते. आपल्याकडची वैशाखातली पंचेचाळीस अंशांची हवा दाबली, की शंभराच्या पार पुढे जाते. तापलेली हवा विरळ. सिलिंडरात तिच्यातून ऑक्सिजन जातो कमी, डिझेल जळतं अर्धवट, आणि मागच्या मोटारसायकलवाल्याचं तोंड काळं होतं. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये ही अ‍ॅल्युमिनियमची जाळी. तिच्या आतून तापलेली हवा जाते आणि बाहेरून वारा. या गाडीत ती इंजिनच्या डोक्यावरच बसवलीय, आणि तिला वारा मिळावा म्हणून बॉनेटला नाकपुडी ठेवलीय. लोकांना ती नाकपुडी शोभेची वाटते. जिभाऊंना अशा लोकांची कीव येते. टर्बोची कल्पना 1905 साली आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस इंजिनिअरनं पेटंट केली, हे जिभाऊंच्या कानावर आलेलं नाही. पण त्यांचा सूर ऐकला तर ब्यूशी पांझरेकाठीच लहानाचा मोठा झाला असावा असं वाटतं.

पंचाईत अशी, की जिभाऊंचं म्हणणं खोटं नसतं. खोटं असतं तर घरच्यांनी केव्हाच बंद पाडलं असतं. फागणे ते तरसोद रस्त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललं, की त्यातली पुष्कळशी धूळ जिभाऊंच्या नाकपुडीतून आत आली. त्यात त्यांचा स्वतःचा वाटा वेगळा. दिवाळीपासून पुढे वेचलेला कापूस मागची सीट पाडून ते याच गाडीतून आणतात. जिनिंगच्या दारात रांगेत गाडी उभी, रुई उडतेय, आणि तीच रुई जाळीच्या बारीक पात्यांत जाऊन बसते. तिला धूळ चिकटते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि उन्हात तो वाळतो. मग वारा येणार कुठून? आतला प्रकार निराळा. इंजिनच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ येते, ती टर्बोतून पुढे जाऊन इंटरकूलरच्या तळाशी साचते. थोडं तेल साचणारच. फार निघालं तर टर्बोचं सील तरी गेलं असेल, नाहीतर रिंगा तरी. किती म्हणजे फार, हे जिभाऊ चहाच्या कपानं मोजतात. त्या कपाला त्यांच्या लेकीनं लग्नाआधीच लाल नेलपॉलिशची खूण करून ठेवलीय. आल्या-गेल्याला तो कप चुकूनही जात नाही; जावई पहिल्यांदा आले तेव्हाच तेवढा गेला होता.

कपानंतर घरात जप्ती येते. पितळी घमेलं जातं, धुण्याची पावडर जाते, दात घासायचे ब्रश जातात, त्यातले काही चालू असतात. एका तोंडाला पिशवी बांधून आत डिझेल ओतायचं, दुसरंही तोंड बांधायचं आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवायचं. डिझेल काळं निघतं, परत ओतायचं. मग पावडरचं पाणी, मग साधं पाणी. या काळात सल्ल्यांना ऊत येतो. किराणावाला म्हणतो, कॉस्टिक टाका, एका मिनिटात चकाचक. रेडिएटरवाला ओरडतो, अ‍ॅल्युमिनियम आहे ते, कॉस्टिकनं खाऊन जाईल. पुतण्या म्हणतो, वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशर मारून आणतो. जिभाऊ त्याच्याकडे नुसतं बघतात. प्रेशरनं पाती आडवी पडतात, आणि मग एकेक पातं सरळ करायला बायकोची, म्हणजे आक्कांची, फणी लागते. हे पुतण्याला कळायला हवं, कारण मागच्या खेपेला प्रेशर त्यानंच मारलं होतं आणि फणी जिभाऊंनी चोरली होती.

खरा तमाशा वाळवताना होतो. घरात सगळ्यात जास्त ऊन गच्चीवर, आणि गच्चीवर आक्कांचे बिबडे. जिभाऊ इंटरकूलर घेऊन वर जातात, खाटेवरचे बिबडे दोन्ही हातांनी एका कडेला सरकवतात आणि मधोमध त्याला झोपवतात.

"बिबडास्ना वास ल्या जरा!" आक्का म्हणतात.

जिभाऊ वास घेत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष घाई करण्यात असतं, कारण संध्याकाळी गाडी जोडून लळिंग घाटात न्यायची असते. इथे मात्र आक्कांपुढे त्यांचं चालत नाही. आत डिझेल राहिलं आणि गाडी मारली तर काय होतं, हे आक्कांना त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे ते त्यांच्याच तोंडून ऐकून. इंजिन ते राहिलेलं डिझेल हवेबरोबर ओढतं आणि आपल्या मनानं धावायला लागतं. चावी काढून हातात घेतली तरी थांबत नाही. हवेचं तोंड फळीनं दाबून धरावं, नाहीतर वरच्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून बंद पाडावं, तेव्हा कुठे जीव सोडतं. ही गोष्ट जिभाऊ दर वर्षी सांगतात. कधी ती पारोळ्याच्या ट्रॅक्टरवाल्याची असते, कधी अमळनेरच्या ट्रकवाल्याची, आणि माणूस प्रत्येक वेळी फळी शोधत पळत असतो. आक्कांनी ती इतक्यांदा ऐकलीय, की आता निर्णयच त्यांच्याकडे आहे. "वाळनं का नही ते मी सांगसू. तवयच बसाडा." त्या दुसऱ्या दिवशी दुपारी वर जातात, इंटरकूलरच्या तोंडात बोट घालून फिरवतात, बोट नाकाशी नेतात आणि खाली ओरडून परवानगी देतात. बिबड्यांचा वासही त्याच बोटानं तपासला जातो, हे जिभाऊंना सांगण्यात अर्थ नाही.

लळिंग घाटात गाडी सरसर चढते. जिभाऊ काच खाली करून टर्बोची शिट्टी ऐकतात, भरलेला एक ट्रक मागे टाकतात आणि मागं बसलेल्या पुतण्याला आरशातून विचारतात, "बोल!" पुतण्या काय बोलणार? त्यानं काल संध्याकाळी एअर फिल्टर बदलला. जुना फिल्टर भरताच्या वांग्यासारखा काळा झाला होता. शिवाय काच खाली म्हणजे एसी बंद. तो बोलतो, "इंटरकूलरनं कमाल केली, जिभाऊ." शहाणा मुलगा आहे, त्याला ही गाडी पुढे वापरायची आहे.

दुसऱ्या दिवशी एमएच अठरा जळगावला निघते, लेकीला आखाजीला माहेरी आणायला. मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. बांभोरीचा गिरणेवरचा पूल ओलांडेपर्यंत जिभाऊ पिकअपबद्दलच बोलतात. जावयांच्या दारात नवी एमएच एकोणीस उभी असते, पेट्रोलची, लहानशी. चहापाण्याचं नाव निघायच्या आत जिभाऊ म्हणतात, "बापू, बॉनेट उघडा बरं." जावई भिडेखातर उघडतात. आत सगळं काळ्या प्लास्टिकखाली झाकलेलं. जिभाऊंना हायसं वाटतं, बघण्यासारखं काहीच नाही. तेवढ्यात जावई सहज म्हणून जातात, "हिलाही टर्बो आहे, बाबा. इंटरकूलर पण आहे म्हणे, पुढे कुठेतरी."

जिभाऊ बाह्या वर करतात.

"अहो!" आतून लेक ओरडते, "चावी काढून घ्या आधी!"