एक मशीन, एक वाचक

नानांचं पुस्तक विकत घेणं म्हणजे सोयरीक जुळवणं. आधी पत्रिका लागते. तुमची नव्हे, तुमच्या कॉम्प्युटरची. ३०० रुपये दिले की पेन ड्राइव्हवर फाइल मिळते. ती उघडली की पुस्तक दिसत नाही, १६ अक्षरांचा मशीन कोड दिसतो. हार्ड डिस्कचा नंबर आणि लॅन कार्डाचा पत्ता एकत्र घुसळून काढलेलं ते लोणी नानांना फोनवर वाचून दाखवायचं. मग नाना त्यावरून किल्ली पाडतात. ती शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही लागत नाही.

एवढ्या बंदोबस्तात काय असेल? मोडी लिपी घरबसल्या शिकायचं पुस्तक, २१२ पानं. छापखान्यांनी बाळबोध, म्हणजे देवनागरी, धरली, शाळांनी मोडी सोडली. आता जी कोणी फुकटसुद्धा नेणार नाही असं मला वाटायचं, त्या लिपीला नानांनी तिजोरीत ठेवलं होतं.

कुलपाची आवड नानांना डीटीपीच्या धंद्यात लागली. तेव्हा मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत डोंगल यायचा. तो प्रिंटरच्या पोर्टात खोचल्याशिवाय काम व्हायचं नाही. नाना तो रोज रात्री रुमालात बांधून घरी न्यायचे. गल्ला दुकानातच असायचा. पण खरी जखम झाली ती छापील आवृत्तीच्या वेळी. एका व्याख्यानानंतर एक मुलगा स्पायरल बाइंडिंग केलेली झेरॉक्स घेऊन आला, "सर, सही." नानांनी सही केली, आणि त्याच आठवड्यात इंजिनिअर भाच्याला कुलूप करायला बसवलं.

पहिल्या पानावर कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५-अ आहे: असं कुलूप फोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. ही ताकीद नानांनी मोडीत छापली आहे.

किल्ली देतानाचा संवाद ऐकण्यासारखा असतो.

"डी."

"दिल्लीतला डी की बॉम्बेतला बी?"

"नाही हो, पी."

"पी येऊच शकत नाही! आपली अक्षरं एफला संपतात. चष्मा लावून बघा."

लोक कॉम्प्युटर फॉरमॅट करतात, की डिस्कचा नंबर बदलतो आणि पुस्तक मालकालाच ओळखत नाही. वळवाच्या पावसात विजा चमकल्या की लॅन कार्डं जळतात, मग नानांचा सीझन. त्यांच्या वहीत ८७ वाचक आहेत. नावापुढे कोड, कोडापुढे आजारपण. "सांगलीच्या वकिलांची हार्ड डिस्क गेली," हे ते अशा आवाजात सांगतात की आपण नकळत "कधी?" विचारतो. तिसरी किल्ली मागणाऱ्याला मात्र "तुम्ही मशीन वापरता की उखळात घालता?" असं ऐकावं लागतं.

२०२३मध्ये आरक्षणासाठी जुन्या मोडी कागदांतल्या कुणबी नोंदी हुडकायची धावपळ सुरू झाली आणि मोडीला एकाएकी भाव आला. पणजोबांच्या कागदाचं भेंडोळं घेऊन लोक तालुक्याहून नानांच्या दारात. बऱ्याच जणांकडे नुसता मोबाइल. त्यावर नानांची फाइल उघडतच नाही. नाना त्यांना पाणी देत, कागदही स्वतः फुकट वाचून देत, पण पुस्तक नाही. "कॉम्प्युटर घ्या, मग या." मला याचा राग यायचा. फुकट वाचून देण्यात जाणाऱ्या दुपारचा हिशोब त्या वहीत कुठेच नव्हता.

मग एके सकाळी फिरायच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नानांना त्यांचंच पुस्तक आलं. कोणीतरी पडद्यासमोर मोबाइल धरून पानामागून पान टिपलं होतं. हार्ड डिस्क तीच, लॅन कार्ड तेच, कुलूप शाबूत. नानांनी फोटो मोठा केला. पडद्याच्या चौकटीवर गणपतीचं स्टिकर, त्याचा एक कान फाटलेला. कराडच्या गुरुजींकडे नाना स्वतः किल्ली बसवायला गेले होते, तेव्हाही तो फाटलेलाच होता.

नानांनी फोन लावला. मी कलम ६५-अ ऐकायच्या तयारीनं सरसावून बसलो.

"गुरुजी, नाना बोलतोय. फोटो तुम्हीच काढलेत ना? पान १०४ हललंय. जोडाक्षरांचं पान आहे ते, लोक चुकीचं गिरवतील. पुन्हा काढून टाका."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"आणि फ्लॅश बंद ठेवा."